कोनाड्यातला परिमळ

गेल्या वैशाखात घाटकोपरच्या एका दुकानात, कागदाच्या अरुंद पट्टीवर फवारलेले एक परदेशी सुगंधद्रव्य मी हुंगले. आणि लिंबाच्या कोवळ्या पानांचा हिरवा तजेला, त्यामागे ओल्या गवताचा गारवा आणि सर्वांत मागे दूर कोठे जळणाऱ्या धुपाची बारीक रेघ, अशी ती त्रयी मला इतकी मोहक वाटली की, एरवी खर्चाच्या बाबतीत सावध असलेला मी, त्या पन्नास मिलिलिटरच्या कुपीसाठी पंधरवड्याच्या घरखर्चाएवढी रक्कम देऊन बाहेर पडलो. मेट्रोच्या फलाटावर उभे राहून मी ते प्रथमच मनगटावर घेतले. असल्फा, साकीनाका, मरोळ नाका ही स्थानके मागे पडेपर्यंत डब्यातील थंड हवेत तो सुवास आपल्या जागी शांत बसून होता. परंतु अंधेरीला उतरून पुलावरच्या गर्दीत आणि दुपारच्या दमट उन्हात पाऊल टाकताच लिंबाची पाने कोठल्या कोठे नाहीशी झाली, धूप विझला, आणि ओल्या गोणपाटात गूळ बांधून ठेवावा तसा एक जड, कोंदट गोडवा मनगटापासून नाकापर्यंत चढत आला, तो रात्री स्नान केल्यानंतरच उतरला.

दोष त्या कुपीचा होता असे मला वाटत नाही. ज्या हवेत आणि ज्या कातडीवर ते द्रव्य आयुष्य काढणार होते, त्या दोहोंना साक्षीला न बोलावताच मी निकाल दिला होता. त्याच आठवड्यात मी एक वही घातली. आणि वैशाखापासून भाद्रपद संपेपर्यंत मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली या चार उपनगरांत वावरताना अंगावर जे जे सुगंध घेतले, त्यांची कैफियत तिच्यात तासागणिक मांडीत गेलो. प्रस्तुत लेख त्याच वहीवरून सिद्ध केला आहे.

या जातीच्या सुगंधांना जगभर ‘नीश’ असे नाव पडले आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ भिंतीतील कोनाडा. ज्या घरात विजेचे दिवे नव्हते त्या घरात पणती कोनाड्यात असे आणि तिच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढेच घर रात्री जागे असे. त्यामुळे हा शब्द आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मोठमोठ्या पेढ्या कोट्यवधी गिऱ्हाइकांना एकाच वेळी आवडेल असा सुवास शोधीत असताना, थोड्यांसाठी, थोडेच आणि आपल्या मनासारखे करणारे काही लोक पॅरिसमध्ये उभे राहिले. 1961 साली तीन मित्रांनी सेंत जर्मेन मार्गावर 34 क्रमांकाच्या जागेत ‘दिप्तीक’ हे दुकान थाटले आणि 1968 मध्ये त्यांचा पहिला सुगंध निघाला. 1976 मध्ये ज्याँ लापोर्त यांनी ‘लार्तिझाँ पार्फ्युमर’ काढले. आणि 2000 साली फ्रेदरिक माल यांनी, प्रकाशक जसा पुस्तकावर लेखकाचे नाव घालतो तद्वत, कुपीवर ती रचना करणाऱ्या गंधकाराचे नाव छापण्यास आरंभ केला. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण रचनेला कर्ता असतो, आणि कर्त्याला रसिकाकडून सावकाश वाचले जाण्याचा अधिकार असतो, हे तत्त्व सुगंधाच्या व्यापारात तोवर कोणी इतक्या उघडपणे मान्य केले नव्हते.

आमच्या मुलुंडकरांना मात्र सुगंधाचा कारखाना ही वस्तू नवी नाही. 1922 साली स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधी द्रव्यांची पेढी. तिचे दफ्तर मुंबईत मंगळदास रस्त्यावरील देवकरण मॅन्शनमध्ये आणि कारखाना मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर. साबण, उदबत्ती, केशतेल, पावडर अशा ज्या जिनसा आपण रोज हाताळतो त्यांना वास पुरविण्याचा हा उद्योग असल्याने त्याचे नाव गिऱ्हाइकाच्या ओठांवर येत नाही, पण त्याचे काम घरोघर नाकापाशी असते. रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेस, मिठागर रस्त्यावर केळकर एज्युकेशन ट्रस्टचे विनायक गणेश वझे महाविद्यालय 1984 पासून उभे आहे; तेथे सुगंधद्रव्ये आणि सौंदर्यप्रसाधने या विषयाची पदव्युत्तर पदविका शिकविली जाते. मिठागरांच्या खाऱ्या वाऱ्यात बसून विद्यार्थ्यांनी गुलाबाचे आणि चंदनाचे घटक ओळखावयास शिकावे, ही मुंबईच्या उपनगराखेरीज अन्यत्र क्वचितच घडणारी गोष्ट असेल.

आणि याच्याही मागे जावयाचे तर वाट पुण्यास जाते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी, ज्या विषयाकडे इतर पंडितांनी विलासाचा विषय म्हणून पाठ फिरविली होती त्या भारतीय गंधशास्त्राच्या इतिहासावर लेखामागून लेख लिहिले, आणि गंगाधराचा ‘गंधसार’ व अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ जुन्या हस्तलिखितातून उजेडात आणले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. संस्कृतातील सुगंधाची कृती आपल्या भाषेत समजावून सांगणारा कोणी एक मराठी माणूस शतकांपूर्वी होऊन गेला, आणि त्याला त्यासाठी शब्द कमी पडले नाहीत, ही नोंद मी माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर करून ठेवली आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण लिहिताना सोळा द्रव्यांतून चार-चार घेतल्यास 1820 मिश्रणे होतात असा हिशेब मांडला आहे. म्हणजे सुगंधाची रचना हा आपल्याकडे सहाव्या शतकात गणिताचाही विषय होता.

आता परीक्षेची पद्धत सांगतो. आख्खी कुपी घेण्याचा मोह सोडून मी दोन-दोन मिलिलिटरच्या काचेच्या नळ्या मिळविल्या. हौशी मंडळी यांना ‘डिकँट’ म्हणतात. स्नान बिनवासाच्या साबणाने करावयाचे. एका हातावर एकच सुगंध, तोही कोपराच्या आतल्या बाजूस. मनगटे एकमेकांवर घासावयाची नाहीत. आणि दहा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी, आठ तासांनी व दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद करावयाची. नाक थकले म्हणजे कॉफीचे दाणे हुंगण्याचा शिरस्ता दुकानांतून रूढ आहे, पण तो मी पाळला नाही. 2011 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कॉफीचा उपयोग साध्या हवेपेक्षा अधिक होत नाही असे दिसून आले. मी खिडकीशी जाऊन दोन मिनिटे उभा राहत असे, अथवा स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगत असे.

कातडीवर जे घडते त्याची उपपत्ती फार गूढ नाही. फवाऱ्यातील मद्यार्क पहिल्या मिनिटात उडून जातो. मग लिंबूवर्गीय हलके रेणू पसार होतात. फुलांचे मध्यम वजनाचे रेणू तासभर, दोन तास टिकतात. आणि चंदन, राळ, कस्तुरीसदृश द्रव्ये हे जडशीळ रेणू अंगाच्या तेलात विरघळून सर्वांत शेवटी निघतात. अंगाचा ऊबदारपणा हा क्रम वेगाने पुढे ढकलतो, आणि कातडीवरील तेल तो मागे ओढून धरते. लोक बहुधा अंगातील आम्लतेचे कारण पुढे करतात. माझ्या अनुभवास तेलाचे कारण अधिक पटले. माझी कातडी कोरडी. त्यामुळे जो सुगंध माझ्या हातावर चार तासांत मावळला, तोच बोरिवलीच्या माझ्या मावशीच्या हातावर रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला, कारण ती गेली साठ वर्षे रोज सकाळी हातापायांना खोबरेल चोळत आली आहे. तिच्यापासून मी धडा घेतला, आणि श्रावणापासून माझ्याही हाताला सुगंधापूर्वी खोबरेलाचा एक थेंब लागू लागला. नोंदींतील मुदती तेव्हापासून लांबलेल्या आहेत.

या मावशीच्या नाकाविषयी स्वतंत्रपणे लिहावयास हवे. ‘बॉम्बे परफ्यूमरी’ या, मनन गांधी यांनी 2016 च्या सुमारास सुरू केलेल्या पेढीचा ‘चाय मस्क’ हा सुगंध घेऊन मी आषाढातील एका रविवारी तिच्याकडे गेलो. पहिल्या दहा मिनिटांत मला त्यात आले आणि गवती चहा इतके स्पष्ट जाणवले की, कोणी स्वयंपाकघरात आधण ठेवले आहे की काय असे वाटावे. मी अभिप्रायासाठी उतावीळ झालो होतो. मावशीने हात नाकाशी नेला, खाली घेतला आणि म्हणाली, “अरे, हे अजून कच्चं आहे. मुरू दे जरा.” त्यानंतर तिने कुकर लावला, कोशिंबिरीची काकडी चोचवली, दूरध्वनीवर माझ्या मामेबहिणीशी बोलली, आणि तासाभराने आपण होऊन हात पुढे केला. “आता बघ. चहा गेला, पण पातेल्याला जी दुधाची साय धरते ना, तिचा वास राहिलाय.”

या कलेतील जाणकार सुगंधाच्या शेवटच्या अवस्थेला ‘ड्रायडाउन’, म्हणजे वाळून खाली बसणे, असे म्हणतात. पॅरिसच्या हवेत ते खरे असेल. परंतु आषाढात ज्या गावात दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तेथे सुगंध वाळत नाही, तो मुरतो. लोणचे मुरते तसा, ज्याच्यावर घातला त्याचा अंश घेऊन मुरतो. मावशीच्या तोंडून सहज निघालेला हा शब्द मला त्या परदेशी संज्ञेपेक्षा अधिक अचूक वाटतो, आणि यापुढे मी तोच वापरणार आहे.

‘बॉम्बे ब्लिंग’ या नावाचा एक सुगंध पॅरिसमध्ये नीला वेर्मेर यांनी बेर्त्रां दुशोफूर या विख्यात गंधकाराकडून करवून घेतला व तो 2011 साली बाजारात आला. त्यात आंबा आहे. मी तो ज्येष्ठात, आढीत हापूस पिकत असताना, मुद्दाम घरीच लावून पाहिला. कागदावर तो आंबा एखाद्या सरबतासारखा चमकत होता. हातावर अर्ध्या तासात त्याची साल आणि देठाजवळचा चीक जाणवू लागला, आणि हा चिकाचा वास मला फार खरा वाटला. आढीतल्या फळापुढे कोणतीही कुपी हरणारच. पण दोन तासांनंतर, फळ ओसरल्यावर, खाली जी पांढऱ्या फुलांची आणि लाकडाची बैठक उरली, ती मात्र दिवाणखान्यात आलेल्या शेजाऱ्यांनी विचारणा करावी इतकी देखणी होती. मुंबईचे नाव घेऊन आलेला हा सुगंध मुंबईच्या उष्म्याला भीत नाही, असा माझा अभिप्राय आहे.

दिप्तीकचा ‘ताम दाओ’ हा चंदनाचा म्हणून प्रसिद्ध. सहाणेवर चंदन उगाळताना जो थंड, दुधाळ, किंचित आंबूस वास येतो, त्याची वाट मी पाहत होतो. माझ्या हातावर प्रथम देवदाराचे कोरडे लाकूड आले आणि चंदन मागाहून, संकोचाने आले. वातानुकूलित कचेरीत तो सहा तास अत्यंत सभ्यपणे टिकला. मात्र संध्याकाळच्या लोकलमध्ये, अंधेरी ते दादर आणि दादर ते मुलुंड अशा दुहेरी गर्दीत, तो नाहीसा झाला. घामाने तो धुतला गेला की इतक्या माणसांच्या वासात मला तो वेगळा काढता आला नाही, हे मी निश्चित सांगू शकत नाही. घरी येऊन पंख्याखाली बसल्यावर तो पुन्हा आला, त्यावरून दुसरे कारण अधिक संभवनीय दिसते.

‘मॉलिक्यूल 01’ या 2006 सालच्या सुगंधाची हकीकत निराळी. गेझा शोन या जर्मन गंधकाराने त्यात आयसो ई सुपर नावाचे एकच सुगंधी द्रव्य घातले. सकाळी तो लावून मी निघालो तेव्हा मला काहीच आले नाही. नळीत पाणी भरले असावे असा संशय आला. दुपारी कचेरीतील एका सहकाऱ्याने, कोणी जुने लाकडी कपाट उघडले आहे का, असे दोनदा विचारले. मग माझ्याही नाकाला एक मखमली स्पर्श झाला आणि लगेच नाहीसा झाला. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना ज्या संशोधनासाठी 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातून गंधग्रहण करणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंबच उघड झाले. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार कार्यरत असतात आणि ते प्रत्येकात तंतोतंत सारखे नसतात. म्हणून कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार काहींना येतच नाहीत. माझ्या पत्नीला एक कस्तुरी अजिबात येत नाही, आणि ज्या सुगंधाला मी जड म्हणून नाकारले तो तिच्या लेखी केवळ गुलाब आहे. दोघांपैकी चूक कोणाचीच नाही. पण घरात कुपी आणताना दोघांची नाके विचारात घ्यावीत, हे आम्ही आता ठरवून टाकले आहे.

या सर्व परदेशी मंडळींच्या सोबतीस मी एक स्वदेशी द्रव्यही वहीत घेतले: कनौजचे मिट्टी अत्तर. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या देगेत पाण्यासह घालून मंद आचेवर ठेवतात, वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून असलेले चंदनतेल तो मातीचा वास पिऊन घेते. 1964 साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा या भारतीय अत्तराचा उल्लेख त्यांना करावा लागला. मात्र चंदन महागल्यापासून अनेक अत्तरांचा आधार द्रव पॅराफिनसारख्या स्वस्त तेलाचा असतो. ते हातावर मुरत नाही, मेणासारखे वर बसून राहते, आणि ओळखण्याची खूण हीच. मला एका स्नेह्याकडून मिळालेला फाया चंदनावरचा होता. मृगाच्या पहिल्या पावसात मी तो लावला आणि फसलो, कारण बाहेरची सारीच हवा मातीच्या वासाने भरली असताना माझ्या हातावरची माती मला येईना. वैशाखातील रणरणत्या दुपारी, मुलुंड स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत, त्याच फायाने मला जो गारवा दिला, तो या वर्षातील माझा सर्वोत्कृष्ट अनुभव म्हणून नोंदला आहे.

एक सूचना आरोग्याच्या दृष्टीने देणे अवश्य. बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते कातडीवर असताना कडक ऊन लागल्यास डाग पडतात. आजकाल ते काढून टाकलेले तेल सर्रास वापरतात व 1973 पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय सुगंध संघाचे निर्बंधही आहेत. तथापि घरगुती मिश्रणांच्या बाबतीत लिंबाचा सुगंध उघड्या मानेवर लावून उन्हात जाऊ नये.

माझ्या पाच महिन्यांच्या नोंदींत सर्वाधिक अडचण झाली ती शब्दांची, आणि ती अडचण खोटी होती हे मला मावशीने दाखवून दिले. मी इंग्रजी संज्ञा लिहीत होतो. ती एकेका नळीला एकेक शब्द देत गेली: हा हिरवट, हा तुरट, हा खमंग, हा धुरकट, हा उबट, याला कुबटाण येते, याचा दर्प आहे पण दरवळ नाही. दर्प आणि दरवळ यांतील भेद, म्हणजे जो अंगावर चालून येतो आणि जो माणूस निघून गेल्यावर खोलीत राहतो, हा सुगंधाच्या परीक्षेतील मूलभूत भेद आहे. पूर्वी लग्नमुंजीत पानसुपारीबरोबर अत्तराचे बोट लावीत ते हाताच्या पाठीवर. मग तो हात पंगत उठेपर्यंत, गाडी मिळेपर्यंत, घरी पोचेपर्यंत पुन:पुन्हा नाकाशी जाई. आज आपण ज्याला नवी हौस म्हणतो तिची पुरी रीत त्या एका बोटात होती. कागदाची पट्टी मागाहून आली.

म्हणून ज्यांना या हौसेची ओढ आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, नळी घ्या, कुपी नंतर. एक दिवस कचेरीत, एक दिवस लोकलमध्ये आणि एक दिवस पावसात तो सुगंध अंगावर वागवा, आणि जे आले ते मराठीत लिहून ठेवा. मुलुंडला ही विद्या शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण मुलामुलींना दुसरी विनंती: रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केलेला ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह ‘गंधवाद’ 1989 साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून छापून निघाला आहे, तो मिळवून वाचावा, आणि त्यातील शब्द आजच्या प्रयोगशाळेत कोठे लागू पडतात याची रुजुवात आपल्यापैकी कोणीतरी करावी. माझ्या वहीची आजवर एकशे बारा पाने भरली आहेत. त्या कामी ती उपयोगी पडणार असेल तर मी ती द्यावयास तयार आहे.